बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा सासरा

"या घरचा बुढा आन आमचा बुढा एकच निघाला. पोट्टा-पोट्टी तं बहीन-भाऊ झाले," असं नवरदेवाचे मोठेबाबा, म्हनजे त्याच्या बापाचे मोठे भाऊ, भिंतीवर बोट ठेवून म्हनले, आन मांडवातला बाजा बंद झाला. माझ्या कडेवर पोरगा, हातात आलुबोंड्याची थाळी. थाळी कोनाच्या हातात देली ते मले आजपन आठवत नाई. कारन ती भिंत माझी होती. म्हनजे भिंत समाजमंदिराची, पन तिच्यावरचे नावं घरोघरी फिरून मी आनलेले.

साक्षगंध, म्हनजे साखरपुडा, होतं सोनूचं, समाजमंदिरापुढच्या मांडवात. सोनू आमच्या बाजूच्या देवरावभाऊची पोरगी. मी नावं लिवाले जावो तवा माझ्या पोराले तीच सांभाळे. माझ्या पोरानं पयले "आई" नाई म्हनलं, "छोनू" म्हनलं. आता तीच सोनू हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली होती, अर्धी मेंदी वाळलेली, आन माझ्याकडे पाहून राह्यली होती. रागानं नाई. राग परवडला असता. ती पाहून राह्यली होती का आता ही काई तरी करन.

थांबा, पयले भिंतीचं सांगते, नाई तं तुमाले समजनार नाई. दिवाळी अंकवाल्या ताईनं म्हनलं, तुमी काम करता त्याच्याबद्दल लिवा, जसं बोलता तसंच लिवा. मी नववीपर्यंत शिकली, मंग लग्न झालं. दुसरं काई मले येतबी नाई.

आमचं सिंदेवाहीच्या अंगाचं गाव. गावात आमचं एक मंडळ हाये, गुरुजी त्याचे मोठे. शाळेतून रिटायर झाले आन त्यायच्या डोक्यात शिरलं का गावाचा इतिहास गोळा कराचा. पगार-गिगार काई नाई, चहा बी गुरुजीच्याच घरचा. काम असं, का घरोघरचे जुने कागद काढाचे, उन्हात दाखवाचे, झटकाचे, फोनवर फोटो काढाचे, आन कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा पेटीत ठेवून द्याचे. आमच्याकडे कागद धानाच्या ढोल्यात ठेवते, खाली कागद वर धान. लोकायले वाटते चोर येतो. चोर नाई येत, उंदीर येते. जिथी कागद उंदरानं नाई तं वाळवीनं नेले, तिथी म्हाताऱ्या मानसाले विचाराचं, तुमचा बाप कोन, त्याचा बाप कोन, कुठून आले, कुठी गेले. हे लागते बरं का. जंगलाच्या जमिनीचा पट्टा मागाचा असन तं तीन पिढ्या दाखवा लागते. जातीच्या दाखल्याले बी लागते. गुरुजी म्हन्ते वाळवी पोहचाच्या आंधी आपन पोहचाचं. आन गोळा झालेले नावं घराघरानं, बापाखाली पोरगा असे, समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवाचे.

पन गुरुजी पोहचले का म्हाताऱ्या बाया पदर वढून आत जाय. मास्तरापुढं कोन बोलन. मंग त्यायले एक बाई पाहिजे होती. मी नुकतीच बाळंतीन होऊन उठली होती, घरात रडका पोरगा, सासू म्हने, "जा वो, घरी बसून रडवतेच त्याले, तिथी जाऊन रडव." अशी मी इतिहासात शिरली.

मानसं एकाहून एक. एका भाऊनं सांगतलं, माह्या सख्ख्या भावाचं नाव लिवू नका, आमची केस चालू हाये. मी म्हनलं, भाऊ, केस चालू हाये म्हनजे तं भाऊ हाये हे पक्कं झालं ना. त्यानं दार लावून घेतलं. दुसरा एक जन म्हने आमचं नाव भिंतीवर जरा वरतं घ्या, खाली घेतलं तं बकऱ्या चाटते, आन जाता जाता कोंबडा देला. कोंबडा मी सासूले देला, नाव होतं तिथीच ठेवलं. सासू म्हने, थोडंसं तरी वर घे. एका घरी पेटीतले कागद छपराच्या कवेलूवर वाळत घातले तं वांदर घेऊन गेलं, आन झाडावर बसून असं पाहे जसं काई त्यालेच वाचता येते.

पन खरा घोळ नावाचा. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाई, सासऱ्याचं तं बिलकुल नाई. आन माझं काम काय, तं तेच विचाराचं. मंग त्या खुनेनं सांगे. एकीनं मांडवावरचा दोडका दाखवला, मी दोडकू लिवलं, बराबर निघालं. एकीनं भर दुपारी वरतं बोट केलं, मी सूर्यभान लिवलं. तो चंद्रभान निघाला. म्हने, "चंद्र आता कुठून दाखवू बाई, रात्री ये." माझंबी तसंच. पेंटर भिंत रंगवाले आला तवा मी वाचून दाखवो आन तो लिवे. आमच्या घरची ओळ आली आन मी गप्प.

तो म्हने, "पुढं."

मी म्हनलं, "लिवा ना, ते आमचे."

"आमचे कोन?"

"तेच. पानठेल्यापुढं बसते ते."

तो ब्रश घेऊन पानठेल्यावर गेला, माझ्या सासऱ्याले नाव विचारून आला आन लिवलं. गुरुजी म्हनले, इतिहास असा बी लिवल्या जाते.

आता देवरावभाऊचं घर. त्यायचे सारे कागद वाळवीनं खाल्लेले. देवरावभाऊले आज्याचं नाव मालूम, लटारू, पन आज्याच्या बापाचं नाई. ते एकाच मानसाले मालूम, भागरता आजीले, कारन ते तिचे सासरे. आजी म्हनजे देवरावभाऊची आजी, सोनूची पनजी. गावात तिच्याहून म्हातारं कोनी नाई. कानानं कमी आयकते. मी गेली, कानाशी जाऊन विचारलं, तं आजीनं पदर सावरला आन म्हनली, "बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचे." आमच्या गावचा बाजार सोमवारचा. मी लिवलं मंगल. त्या टोलीवरच्या, म्हनजे त्या वस्तीतल्या, आनखी काही म्हाताऱ्यायनं तसंच सांगतलं, कोनी सासरा कोनी नवरा, बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा. मी सारेच मंगल लिवले. मले वाटलं त्या काळी या नावाची फॅशन असन.

तिथल्याच एका बुढ्यानं सांगतलं होतं का टोलीवर एक मंगल होता, त्याचा पोरगा कवडू नदीपार गेला, तिकडंच राह्यला. मी गुरुजीले विचारलं, हा मंगल आन लटारूचा बाप मंगल, दोन का एक? गुरुजी म्हनले, "लहानशी टोली, एकाच काळातले, घरं बी बाजूबाजूले. एकच हाये बाई, जोड." मी जोडलं. भिंतीवर मंगलच्या खाली दोन फांद्या काढल्या, एक कवडू, एक लटारू. किती सुंदर दिसे ते.

आन मांडवात ते मोठेबाबा कवडूच्याच घरचे निघाले. आडनाव त्यायचं नदीपारचं येगळं, म्हनून कोनाले कल्पना नाई. ते तं खुशीत होते, का आमचं मूळ गाव हेच, बुढ्याच्या गावची पोरगी करून राह्यलो. गुरुजीनं भाषन बी देलं, का आमचं मंडळ कसं पक्कं काम करते, सांगनाऱ्याच्या तोंडात आपन उत्तर टाकाचं नाई हा आमचा नियम. मोठेबाबा एस.टी.त कंडक्टर होते, वाचाची सवय, पाटी दिसली का वाचते. भाषन झाल्यावर उठले, चष्मा लावला, आपला बुढा पाहाले भिंतीजवळ गेले. बुढा भेटला. बाजूले नवरीचा बी भेटला.

झालं, तिथून तुमाले मालूम हाये.

देवरावभाऊ माझ्याकडे आला. तो कधी आवाज चढवत नाई, म्हनून जास्त भेव वाटते. म्हनला, "बाई, हे काय लिवलं तुनं?"

मी म्हनलं, "भाऊ, आजीनं सांगतलं तेच."

"मंग मोडलं समज."

नवरदेव तिकडं खुर्चीवर, हातात नारळ, त्याले कोनी सांगे ना ठेवू का धरू. बायका कुजबुज कराले लागल्या. वरून मोठेबाबानं घड्याळ पाह्यलं. चारच्या आत त्यायले निघा लागत होतं, रस्त्यानं वाघीन पिल्लं घेऊन फिरून राह्यली आन संध्याकाळी त्या रस्त्यानं कोनी जात नाई. म्हनले, "भाऊबंदात सोयरीक आमच्यात होत नाई. आमी निघतो देवरावभाऊ. जेवन चांगलं होतं."

मी पळाली. पोरगा कडेवर उसळे आन हसे, त्याले वाटलं खेळ चालू झाला. आजी मांडवाच्या कोपऱ्यात पिंपळाखाली बाजेवर बसली होती, तिले काईच मालूम नाई, ती तंबाखू मळून राह्यली होती. मी तिच्या कानात वरडली, "आजी, सासऱ्याचं नाव सांगा ना, सोनूचं मोडून राह्यलं."

"सांगतलं तं तुले. बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचे."

"म्हनजे मंगळवार ना?"

आजीनं माझ्याकडे असं पाह्यलं जसं मी भातात मिठाऐवजी राख टाकली. "मंगळवारी बाजार रायते, येडे. दुसऱ्या दिवशी मंगळवार कसा येईन?"

"आजी, बाजार सोमवारी रायते."

"कोन म्हन्ते?"

"सारं गाव म्हन्ते."

"मले तं कोनी नाई सांगतलं."

माझ्या डोक्यात उजेड पडला. देवरावभाऊ माझ्या मांगून म्हनला, होय, तो लहान होता तवा बाजार मंगळवारीच भरे. मंग मोठ्या गावचा बाजारबी मंगळवारीच पडाले लागला, दुकानदार इकडं येईना, म्हनून सोमवार केला. आजी कित्येक वर्ष झाले बाजारात गेली नाई. तिचा बाजार अजून मंगळवारीच भरून राह्यला होता.

"म्हनजे ते मंगल नाई," मी मोठेबाबाले म्हनलं, "ते बु..."

"थांब पोरी," मोठेबाबानं हात वर केला. "तू नाव घेशीन तं ते तुझं झालं. आता सोयीचं हाये म्हनून वार बदलला असं लोकं म्हनतीन. तुमच्या गुरुजीनंच सांगतलं ना, तोंडात उत्तर टाकाचं नाई. आजीच्या तोंडून येऊ दे."

गुरुजी दूर उभे होते. ते आपला रुमाल पाहाले लागले.

कोनी तरी म्हनलं, आजीले विचारा, मुंडी तरी हालवन. मोठेबाबानं तिथूनच विचारलं, "आजी, सासऱ्याचं नाव बुधा होतं काय?" आजीनं मुंडी हालवली. सारे खूश. मोठेबाबा कंडक्टर मानूस, तिकीट दोनदा पाहाची सवय. म्हनले, "राजाराम होतं काय?" आजीनं मुंडी हालवली. "जेवन झालं काय आजी?" आजीनं मुंडी हालवली, आन तिचं तं जेवनच झालं नोतं. तिले दुरून काई आयकू येत नाई, पाव्हना बोलला का मान द्याचा म्हनून ती हालवते.

मी पुन्हा कानाशी. "आजी, एकदा नाव घ्या. एकदाच."

"मरेन पन घेनार नाई. पन्नास मानसात? सासऱ्याचं? तू घेते काय तुझ्या सासऱ्याचं?"

माझा सासरा तिथीच उभा होता. तो लगेच मांडवाच्या बाहेर गेला, बिचारा.

तवा सोनू पाटावरून उठली. नवरीनं उठाचं नसते, पन उठली. आजीच्या पायाशी येऊन बसली, तिच्या गुडघ्यावर मेंदीचा हात ठेवला, आन कानाशी तोंड नेऊन म्हनली, "आजी, मले त्या घरी जाचं हाये."

आजीनं तिले पाह्यलं. मंग नवरदेवाले पाह्यलं, तो अजून नारळ धरूनच. मंग तोंडातला तंबाखू थुंकला, तोंड पुसलं आन मले म्हनली, "इकडं ये. कानात सांगते. फक्त तुले."

तिनं आपला पदर वढून माझ्या डोक्यावरून घेतला, तिचं डोकं, माझं डोकं, माझा पोरगा, सारे एका पदराखाली. आत अंधार, तंबाखूचा वास. म्हनली, "कोनाले सांगशीन नाई ना?"

"नाई सांगत."

"पोराची आन-शपथ घे."

घेतली. आन आजीनं माझ्या कानात हळूच नाव घेतलं.

आता ज्याले आयकू येत नाई त्याचं हळू कसं रायते ते तुमाले मालूम असन. माझ्या कानाचा पडदा हालला. पिंपळावरचे बगळे उडाले. "बुधाजी" हे नाव मांडवातून, समाजमंदिरातून, पार पानठेल्यापर्यंत गेलं, नंतर सासरा सांगे का तिथी बी आयकू आलं.

पदर काढला. कोनी माझ्याकडे पाहे ना. गुरुजी चष्मा पुसून राह्यले. बाजेवाला आपल्या ढोलाची दोरी पाहून राह्यला. बायका पत्रावळी मोजून राह्यल्या.

आजीनं साऱ्यायकडे पाह्यलं, आन विचारलं, "कोनी आयकलं तं नाई?"

साऱ्या मांडवानं एका झटक्यात मुंडी हालवली, नाई म्हनून.

माझा पोरगा तेवढा म्हनला, "बुदाजी." मी त्याच्या तोंडात बुंदी कोंबली.

मोठेबाबा माझ्याजवळ आले. हातात तंबाखू-सुपारीचा खर्रा, घोटून घोटून त्याची पावडर झाली होती. म्हनले, "काय म्हनली?"

सोनू पाहून राह्यली, देवरावभाऊ पाहून राह्यला. मी पोराची आन घेतलेली. मले रडू आलं. म्हनलं, "मोठेबाबा, सांगता येत नाई. शब्द देला हाये."

त्यायनं खर्रा पुन्हा घोटला. मंग म्हनले, "बराबर हाये. शब्द देला तं सांगाचं नाई. मीबी काई आयकलं नाई." आन गुरुजीकडे वळून म्हनले, "गुरुजी, तेवढी भिंत दुरुस्त करा. नाव काय लिवाचं ते मी सांगनार नाई. तुमच्या मनानं लिवा. पन मंगलहून एक दिवस पुढं लिवा." आन बाजेवाल्याले म्हनले, "वाजव बे, वाघीन उठाच्या आत उरकून टाकू."

नवरदेवाच्या हातातला नारळ मंग कुठी खाली आला.

पुढच्या आठवड्यात पेंटर आला. फांदी मिटवली, बुधाजीची येगळी ओळ काढली. जुना रंग खालून थोडा दिसते, मिटत नाई पुरा. देवरावभाऊनं आजीले खुर्चीवर बसवून उचलून आनलं, का पाह्य तं खरं. आजीले वाचता येत नाई. मले म्हनली, "कोनतं?" मी बोट ठेवलं. आजीनं त्या ओळीकडे पाह्यलं, मंग डोक्यावर पदर घेतला, आन कोनी धराच्या आत खुर्चीवरून उतरून खाली जमिनीवर बसली. सासऱ्यापुढं सून खुर्चीवर बसत नाई. चांगली येळभर बसली तशी. मी बी बाजूले बसली.

सोनूचं लग्न झालं. तिकडून फोन करते, पोराले आवाज आयकवते. सारं चांगलं हाये. मी खोटं काऊन बोलू, भेव गेलंच नाई माझं.

कारन भिंतीवर अजून मंगल हायेत. त्याच टोलीवरच्या म्हाताऱ्यायनं सांगतलेले, बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचे. कोनाच्या डोक्यात मंगळवारचा बाजार होता आन कोनाच्या सोमवारचा, मी विचारलंच नाई. ज्यायले विचाराचं त्या बाया आता गेल्या, भागरता आजीले दुसऱ्यायच्या सासऱ्याचे नावं मालूम नाई. गुरुजी म्हन्ते, राहू दे, एक चूक निघाली का लोकं सारी भिंत खोटी म्हनतीन, आन पट्ट्यासाठी त्याच भिंतीचे फोटो लोकायनं जोडले हायेत. मी त्यायच्या घरी रोज जाऊन त्याच गोष्टीवर भांडते आन चहा पिऊन येते.

परवा समाजमंदिरापुढून जाऊन राह्यली होती, पोरगा कडेवर. दोन घरची मानसं भिंतीपुढं उभी होती, एक सोयरीक जुळवून राह्यली होती. एकानं एका मंगलवर बोट ठेवलं, दुसऱ्यानं दुसऱ्या मंगलवर. म्हने, "हे तं दोन येगळे घर हायेत, काई अडचन नाई," आन हात मिळवले. मले पाहून म्हनले, "बाई, तुमचं काम लई पक्कं हाये." पोट्टीचा बाप इतका खुशीत होता का त्यानं माझ्या पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा देला.

मी तिथीच उभी राह्यली. तोंड उघडलं तं दोन घरं मोडते, सारी भिंत जाते. नाई उघडलं तं ते दोन मंगल कदाचित येगळे असतीन, कदाचित एकच बुढा असन, आन ते सांगनारं आता कोनीच नाई. पोरगा पुडा फोडून राह्यला होता. तुमी माझ्या जागेवर असते, कडेवर पोरगा घेऊन, तं तुमी काय केलं असतं?